बाटलीभर पाऊस

चौथीच्या वर्गासाठी पर्जन्यमापक विकत आणायची गरज नाही. थंड पेयाची रिकामी बाटली पुरते. फक्त ती सरळ बाजूंची हवी, कमरेत आवळलेली नको. वरचा भाग कापून नरसाळ्यासारखा उलटा बसवायचा. बुडाच्या खाचांत खडे भरून ते झाकेपर्यंत पाणी ओतायचं, ती शून्याची रेघ. तिथून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवायची. बाटली झाडा-भिंतींपासून लांब, उघड्यावर ठेवायची. नोंद सकाळी साडेआठची, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवस तेव्हाच बदलतो.

१ मिमी पाऊस म्हणजे १ चौरस मीटरवर १ लिटर पाणी. एवढं कळलं की शाळेच्या पत्र्यावर किती लिटर पडलं, हा हिशेब पोरं आपणहून मांडतात. (गणिताचा तासही त्यातच उरकतो.) २६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी नोंद झाली, त्याच मुंबईत कुलाब्याला ७५ मिमीच्या आत. म्हणून शेजारच्या शाळेचा आकडा उतरवून घेण्यात अर्थ नाही. आणि एका कोरड्या जुलैवरून ‘हवामान बदललं’ असा निकालही द्यायचा नाही. त्यासाठी साधारण ३० वर्षांची सरासरी धरतात.

पावसासोबत विजेचं अंतरही मोजता येतं: वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद भागिले ३, म्हणजे किलोमीटरमधलं अंतर. हे मोजायचं वर्गात बसूनच. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं मैदानात कुणी जायचं नाही, झाडाखाली तर नाहीच.