हवापालट कुठे करायचा?

आपल्या मागच्या पिढ्यांतल्या डॉक्टरांच्या सल्ल्यात एक वाक्य हमखास असे : 'थोडा हवापालट करा.' खोकला हटत नसला, बाळंतपणानंतर अशक्तपणा राहिला, मुलाला भूक लागेनाशी झाली की हे वाक्य यायचेच. मग पैसेवाले पाचगणी-महाबळेश्वर गाठत, मध्यमवर्गीय देवळालीला किंवा कोकणातल्या मामाकडे जात आणि ज्यांना यातले काहीच जमण्यासारखे नसे ते संध्याकाळी चौपाटीवर जाऊन बसत. पाचगणीचे 'बेल-एअर' सॅनिटोरियम १९१२ सालचे. मिरजेजवळच्या वानलेसवाडीचे क्षयरुग्णालयही त्याच जमान्यातले. क्षयावर औषधच नव्हते, तेव्हा मोकळी हवा, विश्रांती आणि दूध-अंडी एवढाच उपचार हाती होता.

१९४३ साली स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला आणि चित्र पालटले. पुढे मद्रासमध्ये एक महत्त्वाचा प्रयोग झाला. क्षयाचे काही रुग्ण सॅनिटोरियममध्ये ठेवले, काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच राहू दिले. औषधे दोघांनाही तीच. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : नेमाने औषध घेतले तर घरी राहणाराही तेवढाच बरा होतो. गरिबांच्या दृष्टीने हा केवढा मोठा दिलासा! पण या विजयाबरोबर एक समज आपल्या मनात नकळत रुजला. गोळी महत्त्वाची, हवेचे एवढे काय? आजोबांचा हवापालट आपण भाबड्या समजुतींच्या पेटीत टाकून दिला.

गेल्या तीस-पस्तीस वर्षांतल्या संशोधनाने ती पेटी पुन्हा उघडायला लावली आहे. हवा आणि तिचे तापमान या दोन गोष्टी माणसाचे आयुष्य कमी-जास्त करतात, याचा पुरावा आता भक्कम आहे. अडचण एवढीच की, हवापालटासाठी जायला जागा उरत नाही. समुद्राकाठच्या मुंबईची हवा आपोआप धुतली जाते, असे आपण अभिमानाने सांगत असू. २०२२-२३च्या हिवाळ्यात काही दिवस तीच हवा दिल्लीपेक्षाही वाईट नोंदली गेली. २०२३च्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली.

केसाच्या तिसाव्या हिश्शाएवढा

मोठे माणूस दिवसाला साधारण दहा ते बारा हजार लिटर हवा आत घेते. आपण पाणी गाळतो, उकळतो, भाजी तीनदा धुतो. हवा मात्र येईल तशी घेतो, कारण दुसरा इलाजच नसतो.

निसर्गाने गाळण्याची सोय केली आहे. नाकातले केस, घशातला ओलावा आणि श्वासनलिकेतला चिकट द्राव मिळून मोठी धूळ अडवतात. पण डिझेलचा धूर, कोळसा, कचऱ्याच्या शेकोट्या यांतून निघणारे कण फार बारीक असतात. अडीच मायक्रॉनचा कण म्हणजे आपल्या केसाच्या जाडीचा जवळजवळ तिसावा हिस्सा. तो या सगळ्या चौक्या चुकवून फुप्फुसाच्या तळाशी, हवेच्या इवल्याशा पिशव्यांपर्यंत पोचतो. त्याहून बारीक कण तर रक्तात उतरतात. शरीर त्यांच्याशी झुंजते आणि त्या झुंजीत रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला सूज येते, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. म्हणूनच धुराचा बळी म्हणजे फक्त दमेकरी नव्हे. हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांच्यामागेही तो असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१३ साली बाहेरच्या प्रदूषित हवेला कर्करोगकारक ठरवले. बाहेरची आणि घरातली दूषित हवा मिळून जगात वर्षाला सुमारे सत्तर लाख मृत्यू होतात, असा याच संघटनेचा अंदाज आहे.

लहान मुलांचा धोका अधिक. वजनाच्या मानाने ती जास्त हवा आत घेतात, त्यांची फुप्फुसे अजून वाढत असतात आणि त्यांची उंची बरोबर गाड्यांच्या धुराड्याएवढी असते.

गिरणी बंद पडली तेव्हा

हे सारे सिद्ध कसे झाले, याच्या कहाण्या मला आकडेवारीपेक्षा जास्त बोलक्या वाटतात. पहिली लंडनची. १९५२च्या डिसेंबरात कडाक्याची थंडी पडली. घरोघर कोळशाच्या शेगड्या पेटल्या आणि नेमके वर उबदार हवेचे झाकण बसल्याने धूर शहरावर कोंडला. पाच दिवस हाताला हात दिसेना. त्यात चार हजार माणसे दगावली असे तेव्हा मानले गेले. नंतरच्या अभ्यासकांनी हा आकडा बारा हजारांपर्यंत नेला आहे. चार वर्षांनी, १९५६ साली, तिथे स्वच्छ हवेचा कायदा झाला.

दुसरी कहाणी अमेरिकेतल्या युटा खोऱ्याची. तिथला पोलादाचा कारखाना कामगारांच्या वादात १९८६च्या ऑगस्टपासून तेरा महिने बंद राहिला. कामगारांच्या घरी हे दिवस ओढगस्तीचे. पण आर्डेन पोप नावाच्या अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने रुग्णालयांतल्या नोंदी तपासल्या, तेव्हा चकित करणारी गोष्ट दिसली. कारखाना चालू असलेल्या हिवाळ्यांत श्वसनाच्या विकारांनी भरती होणाऱ्या मुलांची संख्या बंद काळातल्या हिवाळ्याच्या दुप्पट-तिप्पट होती. भोंगा वाजेनासा झाला आणि बालरुग्णांच्या खाटा रिकाम्या राहिल्या. निसर्गाने जणू स्वतःच प्रयोग करून दाखवला.

तिसरी कहाणी एका मुलीची. लंडनच्या गर्दीच्या रस्त्यालगत राहणारी नऊ वर्षांची एला किसी-डेब्रा २०१३ साली दम्याने गेली. आईने हार मानली नाही. २०२० साली मृत्यूची फेरचौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने तिच्या मृत्यूच्या कारणांत हवेचे प्रदूषण नोंदवले. त्या देशात असे प्रथमच घडले. धुराला पहिल्यांदा कागदावर नाव मिळाले. आपल्याकडे अशा किती दाखल्यांवर नुसते 'दमा' किंवा 'हृदयक्रिया बंद' असे लिहिले जात असेल?

घाम वाळला पाहिजे

आता तापमानाकडे वळू. माझे आजोळ वर्ध्याकडचे. मे महिन्यात तिथे गेलो की आजीचे नियम कडक. अकरानंतर बाहेर पडायचे नाही, पाणी पिऊनच उंबरा ओलांडायचा, डोक्याला दुपट्टा आणि खिशात कांदा. कांद्याने ऊन अडते याला शास्त्राचा आधार नाही. पण खिशातला कांदा हाताला लागला की उन्हाची आठवण होते, एवढा उपयोग मात्र नक्की! बाकीचे नियम आजही कुठल्याही तज्ज्ञाने सही करावी असे आहेत.

शरीराचे तापमान सदतीस अंशांच्या आसपास ठेवायला दोन युक्त्या असतात. एक म्हणजे त्वचेकडे जास्त रक्त पाठवणे, त्यासाठी हृदयाला जोराने काम करावे लागते. दुसरी म्हणजे घाम. एक लिटर घाम वाळताना शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. मात्र तो वाळला पाहिजे, नुसता ओघळून उपयोग नाही. इथेच नागपूर आणि मुंबई यांच्यातला फरक आहे. नागपूरच्या कोरड्या ४४ अंशांत घाम पटकन वाळतो, पण पाणी संपत जाते. कोकण किनाऱ्यावर पारा ३८ला असतानाच हवेतला दमटपणा घामाला वाळू देत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या मैदानात भर उन्हात झालेल्या समारंभानंतर १४ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी परिसरात पारा ३८ अंशांच्या आसपास होता. विदर्भातला माणूस हा आकडा ऐकून हसला असता. आकड्यावर जाऊ नये, हाच त्या दुर्दैवी दिवसाचा धडा.

शरीराचे तापमान ४० अंशांपलीकडे गेले आणि माणूस बरळू लागला किंवा बेशुद्ध झाला, की तो उष्माघात. मेंदू, मूत्रपिंडे, यकृत सारेच त्यात होरपळते. वृद्ध, तान्ही मुले, गरोदर स्त्रिया यांना तो लवकर गाठतो. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा मनोविकारावरची काही औषधे घेणाऱ्यांनीही उन्हाळ्यात आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्यावे. गोळी परस्पर बंद मात्र करू नये.

आणि जे उन्हात राबतात त्यांचे काय? बांधकामावरचे मजूर, ऊसतोड कामगार, रस्त्यावरचा वाहतूक पोलीस यांना 'दुपारी बाहेर पडू नका' हे सांगणे सोपे. त्यांची रोजी दुपारीच असते. शिवाय पूर्वी रात्र तरी थंड होई. आता सिमेंटच्या भिंती दिवसभर पिऊन घेतलेली उष्णता रात्रभर ओकत राहतात. पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्याच्या शरीराला विसावा असा मिळतच नाही.

दोघांची हातमिळवणी

ऊन आणि धूर यांचा विचार आपण वेगवेगळा करतो. ते मात्र एकमेकांना धरून चालतात. गाड्यांच्या धुरातले वायू कडक उन्हात एकमेकांशी संयोग पावून जमिनीलगत ओझोन बनवतात. आकाशात उंचावर रक्षण करणारा हाच वायू खाली आला की फुप्फुसे जाळतो. हिवाळ्यात उलटा खेळ. पहाटे जमिनीलगतची हवा गार, वरची उबदार, म्हणजे पुन्हा तेच लंडनचे झाकण. कॅलिफोर्नियातल्या एका अभ्यासात, जो २०२२ साली प्रसिद्ध झाला, असे दिसले की केवळ तीव्र उष्णतेच्या दिवशी मृत्यूचा धोका सुमारे ६ टक्के वाढला, केवळ तीव्र प्रदूषणाच्या दिवशी ५ टक्के, पण दोन्ही एकाच दिवशी आले तेव्हा तब्बल २१ टक्के. पाच आणि सहा मिळून अकरा व्हायला हवेत. शरीराचा हिशेब असा शाळेतल्या गणितासारखा चालत नाही. चंद्रपूरसारख्या ठिकाणी, जिथे कोळशाच्या खाणी, औष्णिक वीज केंद्र आणि देशातला कडक उन्हाळा एकत्र नांदतात, या हिशेबाचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगायला नको.

घरापासून सुरुवात

धूर फक्त रस्त्यावर नसतो. कर्क स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातच्या खेड्यांत चुलीपुढे बसलेल्या बायकांच्या श्वासातला धूर मोजला आणि घरातले प्रदूषण जगाच्या नकाशावर आणले. गॅस घरोघर पोचला तरी सिलिंडर परवडत नाही म्हणून चूल पुन्हा पेटते, हे ग्रामीण भागात फिरणाऱ्या कुणालाही दिसेल. शहरी घरांनीही निर्धास्त राहू नये. डासांसाठी लावलेली एक कॉइल पूर्ण जळताना ७५ ते १३७ सिगारेटींएवढे सूक्ष्म कण सोडते, असे २००३ सालच्या एका अभ्यासात आढळले होते. मच्छरदाणी त्याहून कितीतरी चांगली.

आमच्या सोसायटीत रोज सकाळी पालापाचोळा पेटवला जाई. रखवालदाराला मी म्हटले, "मामा, हे कशाला जाळता?" तो म्हणाला, "साहेब, नाही जाळला तर सेक्रेटरीसाहेब म्हणतात, कचरा का पडलाय?" त्याचे उत्तर बिनतोड होते. शेवटी बैठकीत विषय काढला, दोन खड्डे खणले आणि आता त्या पाल्याचे खत होते. ही क्रांती नव्हे, पण पाठीमागच्या इमारतीतल्या दमेकरी आजींची खिडकी आता सकाळी उघडी असते.

आणखी काही साध्या गोष्टी. हिवाळ्यात अगदी पहाटे फिरायला जाण्यापेक्षा ऊन वर आल्यावर जावे आणि मोठा रस्ता टाळावा. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक कणांना अडवत नाही, त्यासाठी नीट बसणारा एन-९५ मुखपट्टाच हवा. कुणाला उष्माघात झाल्याची शंका आली तर सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा, मान-काखेत गार पट्ट्या ठेवाव्यात आणि १०८ क्रमांकाला फोन करावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये. तापाची गोळी इथे कामाची नाही.

पण सगळे ओझे घरावर टाकून भागणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली अडीच मायक्रॉनच्या कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम ठरवली. आपल्या देशाने २००९ साली ठरवलेली मर्यादा ४० आहे, म्हणजे आठपट, आणि आपली अनेक शहरे तीही पाळू शकत नाहीत. मनात आणले तर काय होते, तेही आपल्याजवळच घडले आहे. २०१०च्या मे महिन्यात अहमदाबादेत उष्णतेच्या लाटेने नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. त्यानंतर २०१३ साली त्या शहराने उष्णतेचा कृती आराखडा केला. लाटेची आगाऊ सूचना, पाणपोया, दवाखान्यांची तयारी, झोपडपट्ट्यांतली छपरे पांढरी करणे, असे त्यातले उपाय. त्यात महागडे असे काहीच नाही. नागपूरसह अनेक शहरांनी नंतर हाच रस्ता धरला.

निवडणुकीत आपल्या दारी मते मागायला येणाऱ्यांना आपण पाणी विचारतो, रस्ता विचारतो, गटार विचारतो. यापुढे हवाही विचारली पाहिजे. आपल्या प्रभागात हवा मोजायचे यंत्र कुठे आहे, बांधकामाची धूळ कोण तपासतो, मजुरांना दुपारची सुट्टी मिळते का, उन्हाळ्यात पाणपोई कोण घालणार? पाचगणीला जाऊन हवापालट करण्याची ऐपत पूर्वीही थोड्यांचीच होती. बाकीच्यांना जिथे राहतो तिथलीच हवा पालटावी लागेल, आणि ते काम एकट्याने होणारे नाही.