माणसे पाहून पाणी निवडावे

घाटमाथ्यावर राहणाऱ्या आम्हां बेळगाव-निपाणीकडच्या मंडळींना पाण्याचे वेड जरा अधिकच असावे. बेळगावापासून समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आतच. पण मध्ये सह्याद्री उभा. त्यामुळे समुद्र आमच्या शेजारचा असूनही रोजच्या ओळखीचा नाही. दिवाळीची सुटी लागली किंवा नाताळच्या दिवसांत पाहुणे जमले, की कोणीतरी हळूच विषय काढतो, ‘यंदा होडीत बसायचे का?’ लगेच मुले नाचू लागतात, डबे भरले जातात आणि गाड्या आंबोलीच्या किंवा चोर्ल्याच्या घाटाला लागतात. निपाणीकर राधानगरीवरून फोंडाघाट उतरतात. कोठे जायचे, कोठे उतरायचे, मासे कोठे चांगले मिळतात, या सर्वांची चर्चा होते. जी चर्चा सर्वांत आधी व्हावयास हवी, ती मात्र होत नाही. होडीत कोण कोण बसणार आहे आणि त्यांना कोणते पाणी मानवेल, हा प्रश्न आम्हीही कधी विचारला नव्हता.

तो विचारावयास आम्हांला शिकविले ते एका दुपारने. काही वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही घरची अकरा माणसे मालवणास गेलो होतो. त्यांत बहात्तर वर्षांच्या आत्याबाई होत्या, गुडघ्यांनी बेजार झालेल्या वहिनी होत्या, कॉलेजात जाणारे तीन पुतणे होते आणि चार वर्षांची एक चिमुरडी होती. सिंधुदुर्ग पाहावयाचा, हे पुतण्यांनी आधीच ठरविले होते. हा किल्ला कोणाला पाहावासा वाटणार नाही? २५ नोव्हेंबर १६६४ रोजी महाराजांनी कुरटे बेटावर त्याचा पाया घातला. चहूकडे खारे पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी! सकाळ निघण्यातच गेली. जेवणे आटोपून धक्क्यावर पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती. एका वृद्ध तांडेलाने आत्याबाईंकडे पाहिले आणि म्हणाला, “वारो सुटलो हा. सकाळी येवा.” आम्ही हसलो आणि दुसऱ्या होडीत बसलो.

जाताना काही विशेष वाटले नाही. परतताना चार वाजले होते. लाटा काही डोंगराएवढ्या नव्हत्या. पण होडी डावी-उजवीकडे डुलू लागली, पाण्याचे तुषार अंगावर येऊ लागले, चिमुरडी ओकू लागली आणि आत्याबाईंनी डोळे मिटून होडीची कड जी धरली ती धक्का येईपर्यंत सोडली नाही. उतरताना होडी खालीवर होत होती. वहिनींचा पाय नेमका त्याच वेळी मुरगळला. अपघात असा झाला नाही. वर्तमानपत्रात यावे असे काही घडले नाही. पुतणे तर खुशीत होते. पण अकरा जणांपैकी पाच जणांसाठी ती सहल नव्हती, शिक्षा होती. रात्री सगळे समुद्राला बोल लावू लागले, तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, “पाण्याला नावे ठेवू नका. पाणी चांगलेच होते. तुम्ही माणसे मोजलीत. ती कोण आहेत ते पाहिले नाहीत.”

त्या वाक्याने आम्हांला विचार करावयास लावले. होडीत बसणारी मंडळी म्हणजे एक लहानसे कुटुंबच. त्यात जो सर्वांत धीट, त्याच्या इच्छेने पाणी निवडले जाते. वास्तविक ते सर्वांत नाजूक माणसाच्या शक्तीने निवडले पाहिजे. धीट माणसाला शांत पाण्यात थोडे कंटाळवाणे वाटेल, इतकेच. नाजूक माणसाला खवळलेल्या पाण्यातून उठून जाता येत नाही.

ही गोष्ट केवळ आमच्यासारख्या घाटावरच्या अननुभवी लोकांची नाही. आमचे एक स्नेही नोकरीनिमित्त काही वर्षे जर्मनीत होते. तिकडे शिडाची नौका भाड्याने घेऊन बायकामुलांसह चार-आठ दिवस पाण्यावर काढण्याची हौस पुष्कळांना आहे. ते सांगत, की तिकडची जाणती मंडळी आधी सोबत्यांची यादी करतात आणि मग नकाशा उघडतात. लहान मुले असली तर मेक्लेनबुर्गकडची तळी बरी. त्यांतले म्यूरिट्झ हे संपूर्णपणे जर्मनीत असलेले सर्वांत मोठे तळे, सुमारे ११७ चौरस किलोमीटरचे. थोडा सराव झाला की बाल्टिक समुद्र. तेथे भरती-ओहोटी जवळजवळ जाणवतच नाही. उत्तर समुद्राचे गणित निराळे. तेथे ओहोटीला मैलोगणती चिखल उघडा पडतो आणि वेळ चुकली तर नौका त्यात रुतून बसते. तो भाग सरावलेल्यांचा. तळे म्हटले म्हणून निर्धास्त राहावे असेही नाही. आल्प्सच्या पायथ्याच्या बोडन्झे या मोठ्या सरोवराच्या काठी वादळाची सूचना देणारे नारिंगी दिवे आहेत. मिनिटाला ४० वेळा लुकलुकले तर जोराचा वारा येण्याचा संभव. ९० वेळा लुकलुकले तर वादळ, ताबडतोब काठ गाठा!

आमच्याकडे असे दिवे नाहीत. पण आमच्या आवाक्यातल्या पाण्याच्या अशाच पायऱ्या आहेत. त्या खालून वर अशा मांडून पाहू.

पहिली पायरी घराजवळच्या तळ्यांची. ज्याने कधी होडीत पाऊल ठेवले नाही, त्याने कोल्हापुरास गेल्यावर रंकाळ्यासारख्या तळ्यात अर्धा तास फिरून पाहावे. काठ डोळ्यांसमोर असतो. भीती वाटली तर परतता येते. घटप्रभेवरचे हिडकल किंवा दूधगंगेवरचे काळम्मावाडी यांसारख्या धरणांचे पाणी दिसावयास शांत असते, पण ते तळे समजू नये. पाणी खोल, विस्तार मोठा आणि वाऱ्याला आडोसा नाही. तेथे अधिकृत सोय असेल तरच होडीत बसावे. कोणाच्या तरी ओळखीच्या डोणीतून मुळीच जाऊ नये. राकसकोप तर बेळगावचे पिण्याचे पाणी. त्याचे दर्शन काठावरूनच घ्यावे.

दुसरी पायरी नदीच्या संथ मुखाची, आणि येथे आमच्या मनात थोडा अभिमान जागा होतो. आमच्या खानापूर तालुक्यात दोन नद्या उगम पावतात. कणकुंबीची मलप्रभा पूर्वेकडे वळून कृष्णेला मिळते. म्हादई पश्चिमेकडे धाव घेते आणि गोव्यात तीच मांडवी होते. पणजीजवळ रायबंदर ते चोडण अशी फेरीबोट चालते. रुंद, सपाट आणि गाड्यांसह माणसे नेणारी ही बोट म्हणजे म्हाताऱ्या माणसांना पाण्याची ओळख करून देण्याचे उत्तम साधन. चढण्यास शिडी नाही, उतरण्यास उडी नाही. चोडणच्या टोकाला खारफुटीत डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. बगळे, खंड्या, घारी पाहत आजी-नातवंडांची सकाळ सुखात जाते.

तिसरी पायरी खाडीची. तारकर्लीच्या पुढे देवबाग म्हणजे जमिनीची एक चिंचोळी पट्टी. तिच्या एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी. दोन्हींत अंतर चार पावलांचे, पण स्वभाव अगदी भिन्न. खाडीच्या बाजूला माडांची सावली आणि संथ पाणी. मात्र जेथे कर्ली समुद्राला मिळते, तेथे वाळूचे बांध आणि उलटसुलट लाटा. लहान मुले सोबत असतील तर नावाड्याला आधीच सांगावे, ‘संगमापर्यंत नको, खाडीतच फिरवा.’

चौथी पायरी उघड्या समुद्राची, म्हणजे सिंधुदुर्गासारख्या फेरीची. अंतर थोडे, पण वाट खडकांमधून जाते आणि पाणी समुद्राचेच. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असते. पाचवी पायरी निव्वळ धाडसाची. सुपा धरणाखाली गणेशगुडीजवळ काळी नदीच्या खळाळातून रबरी तराफ्यावरून जाण्याचा खेळ चालतो. तोही धरणातून पाणी सोडले जाईल त्यावर अवलंबून. ती पायरी आमच्या पुतण्यांची. तेथे वहिनींनी काठावर बसून भडंग खावे हेच बरे.

पाणी निवडले की वेळ निवडावी. शाळेतल्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते. मालवणच्या धक्क्यावर मात्र आम्ही ते विसरलो. दिवसा जमीन लवकर तापते, म्हणून समुद्रावरून जमिनीकडे खारे वारे वाहू लागतात. ते दुपारनंतर जोर धरतात. रात्री जमीन निवते आणि मतलई वारे उलट दिशेने वाहतात. म्हणूनच सकाळचे पाणी बहुधा आरशासारखे असते. तो तांडेल काही कोडे घालीत नव्हता. आम्ही शाळेत शिकलेलाच धडा तो आम्हांला सांगत होता.

भरतीचे गणितही आपल्या घरच्या पंचांगात आहे. कोकणात जुना ठोकताळा असा, की तिथीला पाऊणने गुणावे. येईल तो पूर्ण भरतीचा तास. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, द्वादशीला नऊच्या. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. हा हिशेब ढोबळ आहे. नेमकी वेळ बंदरावर विचारून घ्यावी. पण सहलीचा दिवस ठरविण्यास तो पुरेसा आहे. खाडीची सहल करावयाची तर द्वादशी चांगली; एकादशीचा उपास सुटतो आणि सकाळी भरलेले पाणीही मिळते!

यावर एखादा पुतण्या म्हणेल, की इतका विचार करीत बसलो तर धाडस ते काय उरले? त्याला आम्ही कमांडर दिलीप दोंदे यांचे उदाहरण देतो. २००९-१० मध्ये शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्यांची नौका मांडवीतल्या दिवाडी बेटावर बांधली गेली आणि तिचे नाव ‘म्हादेई’, म्हणजे आमच्या खानापूरच्या नदीचेच. त्या नौकेवर तांडेल एक आणि खलाशीही तोच. तरीही दक्षिण गोलार्धातील त्या रौद्र सागरात आपण तिकडच्या उन्हाळ्यात असू, अशा बेताने ते निघाले आणि वाटेत चार बंदरांवर थांबले. पुढे २०१२-१३ मध्ये त्याच नौकेतून अभिलाष टॉमी कोठेही न थांबता जग फिरून आले. एकाने थांबून केले, दुसऱ्याने न थांबता. दोघांच्याही धाडसाला हिशेबाची जोड होती.

हिशेब चुकला तर काय होते, तेही आपल्याजवळच घडले आहे. २१ जानेवारी २०१९ रोजी कारवारजवळच्या कूर्मगडाची जत्रा करून परतणारी होडी उलटली आणि पंधरांहून अधिक माणसे बुडाली. होडीत माणसे फार झाली होती. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचे प्राण गेले. तेव्हा संकोच न करता काही गोष्टी पाळाव्यात. होडीत गर्दी दिसली तर पुढच्या होडीची वाट पाहावी. जीवरक्षक जाकीट उशाला घेण्यासाठी नसते. ते अंगात घालून बंद बांधावेत, आणि मुलांना मुलांच्याच मापाचे मागावे. फोटोसाठी सर्वांनी एका बाजूला उभे राहू नये. ज्याला मळमळते त्याला होडीच्या मध्यभागी बसवावे आणि दूर क्षितिजाकडे पाहावयास सांगावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, नावाडी ‘नको’ म्हणाला तर दुसरा नावाडी शोधू नये.

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा निघालो. या वेळी आधी माणसांची यादी केली, मग पंचांग उघडले. द्वादशीला सकाळी कर्लीच्या खाडीत दोन होड्या केल्या. पुतणे नंतर दुपारी किल्ल्यावर जाऊन आले. त्यांची हौसही राहिली नाही. आत्याबाई प्रथम कड घट्ट धरून बसल्या. थोड्या वेळाने त्यांनी एक हात सोडला आणि बोटे पाण्यात बुडविली. तासभर त्या काही बोलल्या नाहीत. उतरताना नावाड्याला म्हणाल्या, “परत आणशील ना रे बाबा?”

तो योग पुन्हा आला नाही. पुढच्या दिवाळीस आत्याबाई नव्हत्या. आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या वाट्याला अशा किती सकाळी उरलेल्या असतात, हे कोणी सांगावे? त्यांतली एक आम्ही आमच्या हौसेपायी घालविली आणि एक त्यांना दिली. वाचकहो, यंदा घाट उतरण्यापूर्वी आपल्या होडीतली माणसे एकदा नीट पाहून घ्या. त्यांना मानवणारे पाणी फार दूर नाही.