चैत्रातली ईद आणि घरची शिलाई

मागच्या वर्षी, २०२५ साली, ३० मार्चला रविवारी गुढीपाडवा होता आणि त्याच संध्याकाळी ईदचा चंद्र दिसला. सकाळी शेजारच्या काकूंच्या दारात गुढी उभी राहिली, संध्याकाळी त्यांची मुले आमच्या मुलांबरोबर आमच्याच गच्चीवर चंद्र शोधत होती. मलकापूरच्या बाजारात त्या आठवड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. आमच्या घरातल्या नऊ माणसांचे कपडे मात्र त्या दिवशी दुपारीच इस्त्री होऊन कपाटात टांगलेले होते. कितीतरी वर्षांनी असे झाले, अल्हम्दुलिल्लाह. ते सगळे कपडे घरी शिवले होते.

हौस म्हणून आम्ही हे सुरू केले असे सांगितले तर ते खोटे ठरेल. त्याच्या आदल्या वर्षीची चांदरात आम्ही अजून विसरलेलो नाही. २०२४ ची ईद ११ एप्रिलला होती. आम्ही कापड टाकले तेव्हा दहा रोजे होऊन गेले होते. ही चूक आमचीच. पण टेलरनेही मान डोलावली होती. चांदरातीला रात्री अकरा वाजता दुकानाबाहेर चाळीस-पन्नास माणसे उभी होती. आम्हाला दोन कुर्ते बिनबटणाचे मिळाले, एक सलवार दुसऱ्याच कोणाची मिळाली आणि आठ वर्षांच्या मुलाचा कुर्ता कापलेलाच नव्हता. तेवढ्या रात्री रेडिमेड दुकानात जाऊन त्याच्यासाठी आणि त्याच्या दादांसाठी चकचकीत कुर्ते आणले, तेही मिळेल त्या किमतीला. घाटाखालचा एप्रिल कसा असतो ते मलकापूर-नांदुऱ्याच्या वाचकांना सांगायला नको. ईदगाहवर खुतबा संपेपर्यंत अब्बांची पाठ ओलीचिंब झाली होती. मुलाच्या मानेवर घामोळ्या उठल्या. घरी आल्याबरोबर त्याने कुर्ता काढला आणि शाळेचा पांढरा शर्ट घातला. तक्रार काही केली नाही. तेच आम्हाला जास्त लागले.

आपली ईद दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकते आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येते, हे आपण मुलांना शिकवतो. पण कपडे घेताना ते लक्षात ठेवत नाही. २०१५-१६ मध्ये ईद जुलैत होती, तेव्हा कापड लवकर वाळणारे हवे होते. २००० सालच्या आसपास ती थंडीत यायची. आता काही वर्षे ती फाल्गुन-चैत्रात आहे. राजूर घाटात पळस फुललेला असतो, कडुलिंबाला मोहर असतो, सकाळ गार आणि दुपार भाजणारी. आम्ही शाळेत होतो तेव्हा, १९९२-९३ च्या सुमारास, ईद अशीच मार्च-एप्रिलात यायची. त्या वेळी अम्मी एकाच ताग्यातून सगळ्या भावंडांचे कपडे शिवत. रस्त्याने निघालो की लोक हसत, 'सगळे एकाच पानाचे विडे' म्हणत. आम्हाला लाज वाटायची. आज त्या कापडाचा गारवा तेवढा आठवतो.

तर २०२५ च्या शाबान महिन्यात आम्ही दोघी जावांनी ठरवले की यंदा अम्मींचे पायमशीन खोलीतून बाहेर काढायचे. मशीन उषाचे, काळे, त्यांच्या लग्नातले. पट्टा तुटलेला, शटलमध्ये जुन्या धाग्याचा गुंता. तेल घातले, पट्टा बदलला, सुई बदलली, आणि ते चालू लागले. गांधीजी यंत्रांवर टीका करत, पण १९२४ साली बोलताना त्यांनी शिलाई मशीनला त्यातून वगळले होते. का वगळले असेल ते मशीनवर बसल्यावर कळते. ते माणसाचे काम काढून घेत नाही, माणसाचेच पाय मागते.

कापडाबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण अर्धी लढाई दुकानातच हरली किंवा जिंकली जाते. दुकानदार 'कॉटन' म्हणतो ते प्रत्येक वेळी सुती असतेच असे नाही. कडेचे दोन-चार धागे मागून घ्यावेत आणि घरी चिमट्यात धरून जाळावेत. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख उरते. पॉलिस्टर वितळतो आणि काळा टणक मणी होतो. दोन्ही झाले तर मिश्र कापड समजावे. पुरुषांच्या कुर्त्याला पॉपलिन, बायका-मुलींना छापील लॉन किंवा कॅम्ब्रिक, लहान मुलीला मलमल आणि आत अस्तर, असा आमचा हिशेब होता. कापड आणल्यावर रात्रभर मिठाच्या पाण्यात भिजवायचे, सावलीत वाळवायचे, इस्त्री करायची आणि मगच कात्री लावायची. आम्ही पहिले कापड उत्साहात न भिजवता कापले. पहिल्या धुण्यात पायजमा घोट्याच्या वर गेला. सुन्नतप्रमाणे झाला म्हणून अब्बांनी आम्हाला माफ केले.

हे कापड विकत घेताना एक गोष्ट मनात सलते. आपला जिल्हा कपाशीचा. खामगावच्या कापसासाठी इंग्रजांनी १८७० साली जलंबपासून वेगळी रेल्वे टाकली. आजही जिनिंगच्या बाहेर गाड्यांच्या रांगा लागतात. पण गाठी इथून बाहेर जातात आणि कापड मालेगाव, इचलकरंजी, बुऱ्हाणपूर, सुरत अशा गावांतून फिरून आपल्याकडे येते. आम्ही एका कुर्ता-पायजम्याचे पाच मीटर कापड तराजूवर टाकले. सहाशे ग्रॅमच्या आसपास भरले. तेवढ्यासाठी अंदाजे दोन किलो कपाशी लागते. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कपाशीचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. म्हणजे शेतकऱ्याच्या वाट्याचे सुमारे दीडशे रुपये, आणि आम्ही त्या कापडाला दिले सातशे. मधले पैसे सूतगिरणी, माग, रंगाई, वाहतूक, दुकान यांत वाटले जातात. त्यांचीही पोटे आहेत. वर्गात मुलांना हे गणित घातले तेव्हा ज्याच्या घरी सहा एकर कपाशी आहे तो मुलगा बराच वेळ गप्प बसला होता.

आता शिलाईकडे. घरी पहिल्यांदा शिवणाऱ्यांनी फिटिंगच्या कपड्यापासून सुरुवात करू नये. आपला जुना कळीदार कुर्ता सर्वांत सोपा, कारण तो जवळजवळ सगळा चौकोन आणि त्रिकोणांचा आहे. पुढचा-मागचा पाट, दोन बाह्या, बाजूच्या कळ्या आणि बगलेतला चौबगला. कळ्या उलटसुलट मांडून कापल्या की कापड वाया जात नाही. चव्वेचाळीस इंच पन्ह्याचे पावणेतीन मीटर कुर्त्याला आणि सव्वादोन मीटर पायजम्याला पुरते. आधी जुन्या वर्तमानपत्रावर माप काढावे, कागद कापावा, मग तो कापडावर ठेवून खडूने रेघ ओढावी. शिलाईचे मार्जिन सोडायला विसरू नये. आमचा एक कुर्ता त्यामुळेच मोठ्यावरून धाकट्याकडे गेला.

चौबगला आणि मियानी हे दोन छोटे चौकोनी जोड. रेडिमेडवाल्यांनी ते बहुतेक टाकून दिले आहेत. पण नमाजसाठी उठबस करणाऱ्या माणसाला त्यांचीच गरज असते. चौबगला नसला तर तकबीरला हात उचलताना बगल ओढते. पायजम्याच्या दोन पायांमधली मियानी लहान पडली किंवा धाग्याच्या उभ्या दिशेने कापली तर सजद्यात टर्रकन आवाज येतो. ती तिरकी घालायची असते. हे आम्हाला पुस्तकातून कळले नाही. आमच्या दिरांचा पायजमा तरावीहमध्ये सहाव्या रकातीला उसवला तेव्हा कळले. मशिदीतून ते शेवटच्या सफेतून, पाठ भिंतीला लावून घरी आले.

सुईकडेही लक्ष द्यावे. लॉन-मलमलला अकरा नंबर, पॉपलिनला चौदा. जाड सुईने पातळ कापडावर टिपेच्या दोन्ही बाजूंना भोके दिसतात. गळ्याच्या पट्टीला कॅनव्हास घातल्याशिवाय गळा बसत नाही. आणि रोज्यात रात्री बारानंतर कात्री हातात घेऊ नये. शिवलेले उसवता येते, कापलेले जोडता येत नाही.

काज-बटण आणि तुरपाई घरातल्या पुरुषांनी केली. सुरुवातीला थट्टा झाली. मग अम्मींनी आठवण करून दिली की रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम घरात असताना आपले कपडे स्वतः शिवत, चप्पल स्वतः सांधत, असे हजरत आयेशा रजियल्लाहु अन्हा यांच्याकडून सांगितले गेले आहे. इतिहासाच्या गोष्टींत तर हजरत इद्रिस अलैहिस्सलाम यांना शिलाईचा आरंभ करणारे मानतात. त्यानंतर अब्बांनी चष्मा लावला आणि इफ्तारीआधीच्या कंटाळवाण्या तासात रोज चार बटणे लावली. त्यांची बटणे अजून एकही निघालेले नाही. आमची तीन निघाली.

इथपर्यंत सगळे गोड वाटेल. पण मधेच एक गोष्ट झाली आणि आमचा उत्साह थोडा खाली बसला. आमच्या गल्लीत एक खाला आहेत. शौहर वारल्यापासून शिलाईवर घर चालवतात. बायकांचे साधे सूट त्या वर्षानुवर्षे शिवत आल्या, आमचेही शिवले. मशीनचा आवाज ऐकून त्या एका दुपारी आल्या, ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "मास्तरीणबाई, आता तुम्हीसुद्धा घरीच? मग आम्ही काय शिवायचे?" हसतच म्हणाल्या. पण आम्हाला उत्तर सुचले नाही. पगारदार घराने पैसे वाचवायचे ठरवले तर ते वाचलेले पैसे कोणाच्या तरी ताटातले असतात, हे आम्ही मोजलेच नव्हते.

रात्री आम्ही दोघी जावांनी पुन्हा हिशेब मांडला. गळे, कॅनव्हास, दुपट्ट्यांचे पिको आणि मुलीच्या कमीजचे फिटिंग, हे आम्हाला नीट जमणारे नव्हतेच. ते सगळे काम खालांना दिले. पैसे आधी दिले, दीड हजार. त्या कधी आधी मागत नाहीत. ईद झाल्यावर लोक 'देतो' म्हणतात आणि पाच-सहा घरांकडे बकरीदपर्यंत बाकी राहते. त्यांच्या मुलांचे कपडे दरवर्षी चांदरातीला सगळ्यांत शेवटी शिवले जातात, कधी शिवलेच जात नाहीत, हेही तेव्हाच कळले. दहा वर्षे समोरासमोर राहून कळले नव्हते. आमच्या उरलेल्या कापडातून त्यांच्या दोन मुलांचे कुर्ते आम्ही कापले आणि शिवले, बरे-वाईट जसे जमले तसे. वाचक भगिनींनो, तुमच्या गल्लीतही अशी कोणी असेल तर कापड शब-ए-बरातीच्या आधी द्या आणि मजुरी कापडाबरोबरच द्या.

थोरल्या मुलीचे सांगायचे राहिले. ती दहावीला होती. बोर्डाचा शेवटचा पेपर १७ मार्चला संपला, ईदला चौदा दिवस होते. 'घरचे कपडे' म्हटल्यावर तिने तोंड पाडले. मैत्रिणी मोबाइलवर शरारे बघत होत्या आणि हिला छापील लॉन. आम्ही तिला जबरदस्ती केली नाही. फक्त कागद, टेप आणि खडू तिच्यासमोर ठेवले आणि म्हणालो, तुझा सूट तूच आख. दोन दिवस तिने हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी सहरीनंतर ती झोपलीच नाही. बाहीला तिने कोपरापासून खाली झालर लावली, दामनाला दोन बोटांची गडद पट्टी जोडली. खालांनी ती पट्टी बघून विचारले, "हे कुठे शिकली?" त्या एका प्रश्नाने जे काम केले ते आमच्या महिनाभराच्या उपदेशाने केले नसते. ईदच्या दिवशी तिच्या दोन मैत्रिणींनी सूट कुठून घेतला असे विचारले. तिने लगेच सांगितले नाही. थोडा वेळ मजा घेतली.

आता हिशेब. तीन पुरुषांचे कापड २,१००, आम्हा तिघी बायकांचे दुपट्ट्यांसह २,४००, थोरल्या मुलीचे ८००, मुलाचे ४२०, धाकटीच्या फ्रॉकचे २६०. धागे, बटणे, नाडे, कॅनव्हास मिळून ४००. खालांचे १,५००. एकूण ७,८८०. आदल्या वर्षी शिलाई आणि ऐन वेळचे रेडिमेड धरून हाच खर्च पंधरा हजारांच्या वर गेला होता. निम्मे वाचले, पण फुकट वाचले नाहीत. त्यात दोघींचे तीन आठवडे गेले. रमजानमध्ये रात्री मशीनवर बसल्यामुळे तिलावत कमी झाली, याची खंत अम्मींनी बोलून दाखवली आणि ती खरी आहे. ईदला आपल्याकडचे चांगले, स्वच्छ कपडे घालावेत एवढेच आहे. नवेच पाहिजेत असे कोणी सांगितलेले नाही. म्हणून यंदा अब्बांनी आणि दिरांनी मागच्या वर्षीचेच कुर्ते धुऊन, कडक इस्त्री करून घालायचे ठरवले आहे. बाकीच्यांचे सगळे रमजानच्या आधी आटपायचे.

यंदाची ईद मार्चच्या वीस-एकवीस तारखेच्या आसपास येईल. म्हणजे ऊन थोडे सौम्य, पण कापड सुतीच. पहिले दोन तागे आत्ता बादलीत भिजत आहेत. खालांकडे कापड आणि पैसे कालच पोहोचवले. त्यांनी पैसे पदराला बांधले आणि घडी उलगडता उलगडता विचारले, "मियानी तुम्हीच कापली का? मग आधी ती बघू द्या."