प्रोग्रामर मंडळींचे संमेलन

(एस. वाय. बी. ए.)

'संमेलन' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मंडप, हारतुरे आणि लांबलेले अध्यक्षीय भाषण उभे राहते. संगणकाचे प्रोग्राम लिहिणारी मंडळीही संमेलने भरवतात. कला शाखेच्या विद्यार्थ्याने या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. पण आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. जाणत्या माणसांत शिरावे कसे, त्यांना प्रश्न विचारावा कसा, ही माझी रोजची अडचण. म्हणून या संमेलनांची माहिती मी मुद्दाम मिळवली.

उदाहरणादाखल 'पायकॉन' घेऊ. गिडो व्हॅन रॉसम या डच गृहस्थांनी 'पायथॉन' ही प्रोग्रामिंगची भाषा १९९१ साली जगापुढे ठेवली. ती वापरणाऱ्यांचे पायकॉन २००३ साली अमेरिकेत वॉशिंग्टनला भरले. भारतात ते २००९ मध्ये बंगळूरुला सुरू झाले आणि २०११ मध्ये आपल्या पुण्यातही भरले होते.

तेथे पाहण्यासारखे काय असते? पहिली गोष्ट व्याख्याने. बीजभाषण सर्वांसाठी एकत्र. मग एकाच वेळी निरनिराळ्या दालनांत निरनिराळे विषय. वक्ता नुसता बोलत नाही, आपला प्रोग्राम पडद्यावर चालवूनही दाखवतो. कार्यशाळेत तर प्रत्येक जण स्वतःचा लॅपटॉप उघडून हाताने शिकतो.

याहून मौजेचे म्हणजे 'लायटनिंग टॉक'. प्रत्येकाला फक्त पाच मिनिटे! नवखा असो वा नामांकित, वेळ संपली की संपली. शिवाय एक मोकळा फलक असतो. ज्याला ज्या विषयावर गप्पा करायच्या असतील त्याने विषय, जागा आणि वेळ लिहून लावावी. आवड असणारे आपोआप जमतात.

शेवटी येतात 'स्प्रिंट'. मुक्त सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर कोणालाही वाचता व सुधारता येतो. त्याचे कर्ते आणि नवखे एका टेबलाभोवती बसून खऱ्याखुऱ्या चुका दुरुस्त करतात. त्यात केवळ प्रोग्रामच नव्हे, तर वापरणाऱ्यांसाठीची माहितीपुस्तिका सोपी करणे, तिचे भाषांतर करणे हीही कामे असतात. म्हणजे भाषा जाणणाऱ्यालाही तेथे स्थान आहे!

मला सर्वांत भावला तो 'पॅकमॅन'चा नियम. पॅकमॅन हे जुन्या व्हिडिओ गेममधले उघड्या तोंडाचे गोल पात्र. चार माणसे घोळका करून बोलत असतील, तर त्यांनी वर्तुळात एका माणसाची जागा मोकळी ठेवावी. बाजूला संकोचून उभ्या असलेल्याला त्यातून आत येता येते.

सारेच गोड आहे असे नाही. तिकीट आणि प्रवास यांचा खर्च गरीब विद्यार्थ्याला झेपत नाही, आणि भारतातही बहुतेक व्याख्याने इंग्रजीतच होतात. पण काही जणांना आर्थिक साहाय्य मिळते, आणि व्याख्यानांची चित्रफीत नंतर इंटरनेटवर विनामूल्य पाहता येते.

मित्रहो, आपल्या वाङ्मय मंडळात हे का होऊ नये? पाच मिनिटांची भाषणे, एक मोकळा फलक आणि घोळक्यात एक मोकळी जागा. यासाठी पैसा लागत नाही. खेड्यातून नुकताच आलेला, मागच्या बाकावर गप्प बसणारा मुलगा त्या जागेत येऊन उभा राहिला, तर बोलू लागेल. आणि बोलू लागला, तर शिकेल.