शंभर भाड्यांचा हिशेब

मंगळवारी, ५ नोव्हेंबर २०२४ ला, दिल्लीच्या टिळक मार्गावरच्या सर्वोच्च न्यायालयातून निकाल आला आणि ‘आता सरकार तुमचं घर घेऊ शकणार नाही’ असा गजर वाहिन्यांवर दिवसभर चालला. जणू नोएडातल्या फ्लॅटवर कुणी टाच आणणारच होतं! वाद खरा मुंबईतल्या टेकू लावलेल्या चाळींचा.

महाराष्ट्राच्या म्हाडा गृहनिर्माण कायद्यात १९८६ साली एक प्रकरण घातलं गेलं. दुरुस्ती-उपकर लागू असलेल्या जुन्या इमारतीतल्या ७० टक्के रहिवाशांनी मागणी केली, तर सरकारने ती संपादित करून त्यांच्या सोसायटीला द्यायची. मालकाला मासिक भाड्याच्या शंभरपट मोबदला. ऐकायला घसघशीत. पण जुनी भाडी १९४० च्या पातळीवर गोठलेली. खोलीचं भाडं ५० रुपये असेल, तर मालकाच्या हातावर ५ हजार! मालक सर्वोच्च न्यायालयात गेले १९९२ मध्ये. उत्तर मिळालं ३२ वर्षांनी.

सरकारची ढाल होती राज्यघटनेचं कलम ३९(ब): समाजाची भौतिक साधनसंपत्ती सर्वांच्या हितासाठी वाटली जावी. खासगी मालमत्ताही त्यातच, असं न्या. कृष्णा अय्यर १९७७ मध्ये अल्पमतात म्हणाले. १९८२ मध्ये घटनापीठाने ते उचलून धरलं. आता नऊपैकी सात न्यायमूर्ती म्हणतात, सगळी नाही, फक्त काही. कुठली, ते साधनाचं स्वरूप, समाजहितावरचा परिणाम, टंचाई आणि मूठभरांच्या हाती एकवटण्याचे परिणाम पाहून ठरवायचं. न्या. सुधांशू धुलिया एकटे विरोधात राहिले. विषमता अजून सरलेली नाही, मग अर्थ आक्रसायचा कशाला, हा त्यांचा रोख मला तरी पटतो.

पण खटलाच चुकीचा होता, असंही वाटतं. वर्ल्ड इनिक्वालिटी लॅबच्या हिशेबात २०२२-२३ मध्ये देशाची ४०.१ टक्के संपत्ती वरच्या एक टक्क्याकडे होती. ती काही गिरगावच्या चाळींत अडकलेली नाही. तिच्यापर्यंत पोचणारे दोन कर, इस्टेट ड्यूटी आणि संपत्ती कर, १९८५ आणि २०१५ मध्ये संसदेनेच गुंडाळले.

आणि मालक म्हणजे धनदांडगा, भाडेकरू म्हणजे गरीब, हे समीकरण दिल्लीत तर साफ उलटतं. कनॉट प्लेसमधल्या जुन्या दुकानदारांची भाडी पाहा. ती बाजारभावाकडे नेऊ पाहणारा दिल्ली भाडे कायदा १९९५ मध्ये संसदेत मंजूर झाला, राष्ट्रपतींची सहीही झाली. व्यापारी रस्त्यावर उतरले. अंमलबजावणीची अधिसूचना आजतागायत निघालेली नाही.