चोरटी ध्वनिमुद्रणे

बूटलेगर हा इंग्रजी शब्द तळोद्याच्या श्रोत्यांना फोड करून सांगण्याची फारशी गरज नाही. गुजरातची हद्द येथून जवळ, तिकडे दारूबंदी, आणि त्यामुळे इकडून तिकडे काय काय जाते हे या भागातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. उंच बुटाच्या नळीत बाटली दडवून नेणारा तो बूटलेगर. अमेरिकेत दारूच्या चोरट्या व्यापाराला चिकटलेला हा शब्द पुढे गाण्याच्या तबकड्यांनाही लागला. जी तबकडी कलावंताने काढली नाही, कंपनीने काढली नाही, आणि तरीही जी मागल्या दाराने विकली जाते, ती बूटलेग तबकडी. आपल्या भाषेत तिला हातभट्टीची म्हणावे.

पाश्चात्त्य रॉक संगीतात हा धंदा जोरात सुरू झाला तो १९६९ साली. बॉब डिलन याने १९६७ मध्ये सोबत्यांसह एका घराच्या तळघरात सहज म्हणून गाऊन ठेवलेली काही गाणी कोऱ्या पांढऱ्या वेष्टनात बाजारात आली. त्याच वर्षीच्या जानेवारीत लंडनमध्ये बीटल्स या चौघांच्या तालमींचे चित्रीकरण चालले होते. कॅमेऱ्यांसाठी ध्वनिमुद्रणाची यंत्रे जवळजवळ अखंड फिरत होती. दीडशे तासांच्या आसपास आवाज फितींवर साठला. चुकलेल्या सुरुवाती, थट्टामस्करी, जुन्या गाण्यांचे तुकडे, कुरबुरी, सारे काही. या फितींपैकी शेकडो चोरीस गेल्या आणि त्यांवरून वर्षानुवर्षे तबकड्या निघत राहिल्या. २००३ साली ब्रिटन व हॉलंड येथील पोलिसांनी सुमारे ५०० फिती परत मिळविल्या, आणि २०२१ मध्ये पीटर जॅक्सन या दिग्दर्शकाने त्याच तालमींवर जवळजवळ आठ तासांचा चित्रपट रीतसर प्रसिद्ध केला. त्यात एक प्रसंग आहे. मॅकार्टनी गिटार नुसती खाजवावी तशी छेडीत बसला आहे, शेजारचा जांभई देतो आहे, आणि त्या खाजवण्यातूनच पुढे जगभर गाजलेले एक गाणे हळूहळू आकार घेते. तयार तबकडी शंभरदा ऐकली तरी हे दिसणार नाही. टाकाऊ फितीची ओढ लोकांना का लागते, ते येथे कळते.

या गोष्टीचा एक धागा मुंबईतही आहे. १९६८ च्या जानेवारीत जॉर्ज हॅरिसन मुंबईस आला आणि फोर्टातील एच. एम. व्ही. च्या स्टुडिओत त्याने आपल्याकडील वादकांना घेऊन काही ध्वनिमुद्रणे केली. रस्त्यावरच्या रहदारीचा आवाज आत येई, इतका तो स्टुडिओ साधा. तेथे झालेल्या वाद्यसंगीतावर लंडनमध्ये शब्द चढवून त्याच वर्षीच्या मार्चमध्ये बीटल्सची एक तबकडी निघाली. त्या वाद्यसंगीताचा वापरात न आलेला दुसरा पाठ मात्र ४६ वर्षे पडून राहिला आणि २०१४ साली रीतसर प्रसिद्ध झाला.

आता आपल्या घराकडे वळू. रागसंगीतात 'तालीम' या शब्दाचा अर्थच वेगळा, आणि गाणारा जे गातो ते प्रत्येक वेळी नवेच घडत असते. तेव्हा पक्का पाठ आणि टाकाऊ पाठ असा भेद येथे लागू पडत नाही, असे कोणी म्हणेल. पण वस्तुतः उलटे घडले. आपल्याकडे पक्का पाठ म्हणून जो बाजारात गेला तोच अपुरा होता. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान हिची ध्वनिमुद्रणे झाली, तेव्हापासून पुढे जवळजवळ अर्धे शतक तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटेच मिळत. जो राग मैफलीत तास-दीड तास फुलायचा तो एवढ्याशा वेळात कसा मावणार? आलाप गेला, बढत गेली. उरली ती घाईने घेतलेली बंदिश आणि चार ताना. अल्लादियाखाँसाहेबांनी (१८५५–१९४६) तर तबकडी दिलीच नाही, आणि त्यांचा आवाज कसा होता हे आज कोणीही सांगू शकत नाही.

त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर. जन्म १८९२, गोव्यातील केरी गावचा. १९२१ पासून खाँसाहेबांच्या निधनापर्यंत त्यांची तालीम. बाईंनी तबकड्या दिल्या, परंतु मैफलीत कोणी ध्वनिमुद्रणाचे यंत्र लावलेले त्यांना खपत नसे, हे त्यांच्याविषयी सर्वत्र सांगितले जाते. आणि दैवाचा खेळ असा, की त्यांच्या भैरवीची साडेतीन मिनिटांची तबकडी १९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात व्हॉयेजर यानांबरोबर सूर्यमालेपलीकडे निघाली, आणि त्याच सप्टेंबरच्या १६ तारखेस बाई वारल्या. जी बाई पहिल्या रांगेतल्या श्रोत्याला यंत्र लावू देत नव्हती, तिचा आवाज ताऱ्यांच्या वाटेवर! पण पृथ्वीवरल्या माणसाला त्यांचे सविस्तर गाणे ऐकायचे असेल, तर खासगी मैफलीत कोणीतरी उतरवून घेतलेल्या फितीच शोधाव्या लागतात. अमीरखाँसाहेब १९७४ साली गेले. त्यांच्या हयातीत निघालेल्या मोठ्या तबकड्या बोटांवर मोजण्याजोग्या; बाकीचे सारे रसिकांच्या कपाटांतून आले. अन्नपूर्णादेवींनी (१९२७–२०१८) तर उमेदीच्या वयातच जाहीर वादन सोडले. मुंबईच्या घरात बसून त्यांनी नामवंत शिष्य घडविले, आणि त्यांच्या सूरबहारची ओळख जगाला आहे ती मोजक्या खासगी ध्वनिमुद्रणांवरून.

हे उतरवून घेण्याचे काम सोपे नव्हते. १९५० नंतर हळूहळू आपल्याकडे स्पूलची यंत्रे आली. बोजड, महाग आणि विजेची गुलाम. सात इंची चकतीवर १२०० फूट फीत बसे. सेकंदाला पावणेचार इंच वेगाने फिरवली तर एका बाजूस तासाभराहून थोडे अधिक मिळे. चांगल्या आवाजाच्या लोभाने साडेसात इंचांचा वेग धरला की ते निम्मे. म्हणून जुन्या फितींत ख्याल ऐन रंगात आला असता अचानक शांतता पसरते. चकती बदलण्यासाठी लागलेली ती दोन मिनिटे होत. १९६३ मध्ये फिलिप्सची कॅसेट निघाली आणि यंत्र पिशवीत मावू लागले. चोरीला अर्थातच सोय झाली.

पुढे फितीवरून फीत, तिच्यावरून आणखी एक, असे वंश वाढत गेले. प्रत्येक पिढीला खरखर वाढते आणि वरचे बारीक स्वर बोथट होतात. गुंडाळून ठेवलेल्या फितीचा एक वेढा दुसऱ्यावर चुंबकाने उमटतो. मग गायकाने षड्ज लावण्याआधीच त्याची पुसट सावली ऐकू येते. त्यात कोकणपट्टीची दमट हवा आणि बुरशी. परंतु मोठा दोष वेगाचा. यंत्र थोडे जलद चालले की काळी एकमध्ये गाणारा काळी दोनमध्ये गातो असे वाटते, तान अंगावर येते, आणि ऐकणारे तरुण ती तयारी समजून रियाज करू लागतात! जाणकार संग्राहक म्हणूनच आधी तंबोऱ्याचा स्वर तपासतो, मग तबल्याचा हात ओळखतो, मग श्रोत्यांतली दाद कोणत्या भाषेत आहे ते ऐकतो. वेष्टनावर लिहिलेल्या रागावर आणि तारखेवर तो सहसा विश्वास ठेवीत नाही. चोरट्या मालाला पावती नसते.

कलावंताचा विरोध मात्र नुसता लहरीपणा समजू नये. घराण्याची बंदिश हे त्याचे धन. ती यंत्रातून परक्याच्या हाती जाते. बिदागी एकदाच मिळते, आणि गाणे हजारदा वाजते. एखादे दिवशी घसा बसलेला असतो, साथ जमत नाही. तो दिवस विसरला जावा अशी त्याची इच्छा असणे स्वाभाविक आहे. चित्रकार बिघडलेले चित्र फाडू शकतो. गवयाने काय करावे? मला या वादात दोन्ही बाजूंचे पटते, आणि तरीही माझा कल असा आहे: उतरवून ठेवणाऱ्याला मी क्षमा करीन, विकणाऱ्याला नाही. ज्याने फीत तीस वर्षे कपाटात जपली त्याने एक गाणे वाचविले. ज्याने तिच्या प्रती काढून पैसे केले त्याने कलावंताचे आणि त्याच्या मुलाबाळांचे घेतले.

योगायोगाने आपला कायदाही जवळपास हीच रेघ ओढतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलावंताला स्वतःच्या सादरीकरणावर हक्क मिळाला. त्याच्या संमतीवाचून ध्वनिमुद्रण करता येत नाही. मात्र स्वतःच्या खासगी उपयोगासाठी, किंवा प्रामाणिकपणे अध्यापन व संशोधनासाठी केलेले मुद्रण हा भंग ठरत नाही. मुदत आधी २५ वर्षांची होती. १९९९ मध्ये ती ५० झाली. २०१२ च्या दुरुस्तीने आपले नाव लावले जावे आणि सादरीकरणाची मोडतोड होऊ नये, हेही हक्कात आले. अर्थात केसरबाई, अमीरखाँ यांना याचा काय उपयोग? हक्क आला तेव्हा त्यांना जाऊन पंधरा-वीस वर्षे झाली होती. गमतीची गोष्ट अशी, की या कायद्यातील सादरकर्त्यांच्या यादीत नट, गायक, नर्तक यांच्याबरोबर कसरतपटू, जादूगार, गारुडी आणि व्याख्यान देणारा माणूसही आहे. तेव्हा समोरच्या रांगांत जे भ्रमणध्वनी उंचावले आहेत त्यांना माझी संमती आहे; विकू मात्र नका, आणि विकत घेईल तरी कोण!

थट्टा बाजूला ठेवू, कारण हा प्रश्न आता मुंबईच्या दिवाणखान्यांत उरलेला नाही. होळीला आपल्या सातपुड्यात, काठीला किंवा आणखी कोठे, ढोल वाजू लागले की भोवती शेकडो पडदे उजळतात. गाणारे, नाचणारे, नवस फेडणारे, कोणालाही विचारलेले नसते, आणि सकाळपर्यंत ते गाणे कोठल्या कोठे पोचते. खाली नाव असते ते उतरवणाऱ्याचे. गाव, पाडा, गाणारीचे नाव, गाणे कोणत्या विधीचे, यातले काहीच नसते. काही गाणी ठराविक वेळी, ठराविक माणसांतच म्हणायची असतात. ती म्हातारी हे सांगेल, पण तिला कोणी विचारावयास हवे.

ज्यांच्या घरी जुन्या कॅसेटी, स्पूल असतील त्यांच्यासाठी एवढेच सांगतो. त्या वाजवून पाहण्याची घाई करू नये. चिकट झालेली फीत एका फेरीत सोलून निघते. कोरड्या जागी, लोहचुंबक व ध्वनिक्षेपकापासून दूर, उभ्या ठेवाव्यात. मुंबईचे राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्र, अमेरिकन अभ्याससंस्थेने १९८२ साली स्थापिलेले संगीताचे संग्रहालय यांसारख्या ठिकाणी फिती कशा जपाव्यात हे जाणणारी माणसे भेटतात. आणि डबीवर पेन्सिलीने लिहून ठेवावे: कोण गाते, साथीला कोण, कोणते गाव, कोणते वर्ष, आणि गाणाऱ्याला विचारले होते की नाही.