अंगणांतील सूर्यदीप

भंडारा जिल्ह्यांतील पवनी तालुक्यांत कोंढा हें आमचें गांव. भोंवतालीं धानाची शेती, तळीं आणि झाडी असल्यामुळें पावसाळ्यांतील रात्रीं पायाखालीं पाहिल्यावांचून अंगणांत उतरणें धोक्याचें असतें. मण्यार आणि घोणस हे दोन्ही विषारी सर्प मुख्यतः रात्रींच फिरतात. त्यांतून वीज गेलेली असावी आणि घरांतील वृद्ध आजीबाईंस मागील दारीं जावयाचें असावें, म्हणजे त्या बिचाऱ्या कोणाची झोंप मोडूं नये म्हणून उजाडेपर्यंत तशाच पडून राहतात. अशा घरांस सूर्यशक्तीवर चालणाऱ्या दिव्यांचा उपयोग किती, आणि तो होण्यास कोणतें पथ्य पाळावें, याचा विचार येथें करावयाचा आहे.

या दिव्याचीं मुख्य अंगें तीन: ऊन पिणारें पॅनेल, तें सांठविणारी बॅटरी आणि प्रकाश देणारा एलईडी. प्रकाशापासून वीज उत्पन्न होते हें फ्रान्समध्यें बेकरेल यांनीं 1839 सालींच दाखविलें होतें. परंतु सिलिकॉनचा उपयुक्त सौरघट अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत 1954 सालीं सिद्ध झाला. त्या वेळीं उन्हाचा शेंकडा 6 अंशच वीजरूप होई. आजच्या चांगल्या पॅनेलांत तो 20 च्या वर गेला आहे. पांढऱ्या एलईडीस लागणारा निळा प्रकाश साधणाऱ्या तिघां शास्त्रज्ञांस 2014 सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. या दोन शोधांच्या मिलाफानेंच हा दिवा स्वस्त झाला.

खरेदीच्या वेळीं मात्र थोडें त्रैराशिक करावें. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेल्या 100 वा 200 वॅटांस भुलूं नये. पॅनेल किती वॅटांचें आणि बॅटरी किती वॅट-तासांची, हेंच विचारावें. आपल्याकडे वर्षाच्या सरासरीनें दिवसाला सुमारें 5 तासांच्या पूर्ण उन्हाइतकी शक्ति मिळते. म्हणजे 10 वॅटांच्या पॅनेलानें 50 वॅट-तास मिळावे. त्यांतून गळती वजा जातां 35 उरले, तर 3 वॅटांचा दिवा सुमारें रात्रभर चालेल. आषाढ-श्रावणांत ही मिळकत निम्म्यावर येऊं शकते. यास्तव मध्यरात्रीनंतर आपोआप मंद होणारा आणि माणसाची चाहूल लागतांच उजळणारा दिवा पसंत करावा.

पॅनेलाची जागा हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न होय. आमचा प्रांत विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें 21 अंशांवर असल्यामुळें पॅनेल दक्षिणाभिमुख आणि साधारण तितकेंच तिरपें असावें. आंब्याच्या छायेंत दिवा लावून तो पेटत नाहीं म्हणून दुकानदारास बोल लावणें व्यर्थ. पॅनेलाच्या एका कोपऱ्यावर सांवली आली तरी वीज पुष्कळ घटते, कारण त्यांतील घट एकामागें एक जोडलेले असतात. दुसरी गोष्ट अनेकांस नवल वाटण्याजोगी आहे. पॅनेलास प्रकाश हवा असतो, उष्णता नव्हे! 25 अंशांच्या वर दर अंशास शेंकडा 0.4 च्या आसपास वीज कमी होते. वैशाखांत तें 65 अंशांपर्यंत तापलें, तर 16 टक्के घट ठरलेलीच. म्हणून तें पत्र्यास चिकटवूं नये. खालून वारा खेळूं द्यावा.

कोणी म्हणतील, छपरावर मोठा संच बसविल्यावर ह्या लहान दिव्यांची गरज काय? सातारा जिल्ह्यांतील मान्याचीवाडी हें 2024 सालीं महाराष्ट्रांतील पहिलें सौरग्राम ठरलें, आणि त्याच सालच्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेंत 3 किलोवॅटच्या संचास 78,000 रुपयांपर्यंत साह्य ठरलें. हा मार्ग उत्तमच. परंतु बॅटरी नसलेला असा संच, तारांवर काम करणाऱ्यास झटका बसूं नये म्हणून, बाहेरची वीज जातांच आपण होऊन बंद पडतो; आणि रात्रीं तर छपरावर वीज उत्पन्नच होत नाहीं. त्या वेळीं स्वतःची बॅटरी बाळगणारा दिवाच पायरीवर जळत राहतो.

तेव्हां दिवे थोडे असोत, पण योग्य ठिकाणीं असोत: मागील दाराची पायरी, विहिरीचा कांठ, गोठ्याची वाट आणि न्हाणीघराचें दार. प्रकाश खालीं पडावा; डोळ्यांत वा शेजाऱ्याच्या खिडकींत जाऊं नये. पिंवळसर प्रकाशावर किडेही कमी जमतात. बॅटरी बदलतां येईल असाच दिवा घ्यावा, कारण पॅनेलाच्या मानानें तिचें आयुष्य पुष्कळ थोडें.

एकत्र कुटुंबांत सर्वांचें काम तें कोणाचेंच नसतें. म्हणून दर रविवारीं सकाळीं ओल्या फडक्यानें पॅनेल पुसण्याचें काम घरांतील एका मुलाकडे वा मुलीकडे नेमून द्यावें, आणि मृगापूर्वीं बॅटरी तपासून घ्यावी. एवढें झालें तर आजीबाईंस रात्रीं कोणासही न उठवितां निर्धास्तपणें अंगणांत जातां येईल. आमच्या मतें या दिव्याचें खरें मोल हेंच.